चढाला जरा हळू

दोस्तांनो, वर्गातल्या भिंतीवरच्या घड्याळाचा सेल संपत आला की ते काय करतं, हे कधी नीट पाहिलंय का? ते एकदम बंद पडत नाही. सेकंदकाटा बारापासून सहापर्यंत मजेत उतरतो. सहाच्या पुढे मात्र त्याला चढ लागतो. आठ गाठता गाठता तो दमतो आणि नवाच्या आसपास जागच्या जागी थरथरत राहतो. टक्, टक्, टक्! पाऊल उचलतो आणि पुन्हा तिथंच टेकवतो.

गेल्या वर्षी आमच्या वर्गातलं घड्याळ असंच थरथरत होतं. मुलं हसली, मीही हसले. याच थरथरीनं पुढं मला तीन आठवडे रडवलं आणि शेवटी एका आठ वर्षांच्या मुलीनं मला त्यातून सोडवलं. तीच गोष्ट आज सांगायची आहे.

मी सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी स्टेशनजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला शिकवते. डी.एड. झालेली साधी शिक्षिका, इंजिनिअर वगैरे नाही. माहेर साताऱ्याचं. वडील, म्हणजे आमचे अण्णा, साताऱ्यातल्या एका कारखान्यात टर्नर होते. त्यामुळं लोखंडाच्या किसाचा आणि तेलाचा वास मला लहानपणापासून ओळखीचा.

आमच्याकडं दिवाळीनंतर साखर कारखाने सुरू होतात. मग बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. फडाच्या कडेला कोप्या उभ्या राहतात. त्या कोप्यांतली काही मुलं आमच्या शाळेत येतात. मार्चच्या सुमाराला कारखान्याचा पट्टा पडला की परत जातात. अशीच एक मुलगी माझ्या वर्गात आली. तिचं नाव इथं सांगत नाही. निम्मं वर्ष गावच्या शाळेत, निम्मं आमच्या शाळेत. मधले कितीतरी धडे कुठंच नाहीत! वाचताना ती अक्षरं ओळखायची, पण लिहायला सांगितलं की वही कोरी. 'इ' कुठून सुरू करायचा आणि 'क्ष' कुठं वळवायचा, हे तिच्या बोटांना माहीतच नव्हतं. आणि मी? मी आपली पुढचा धडा घेत होते.

मग एक कल्पना सुचली. लाकडी पाटीवर अक्षरं खोलगट कोरायची आणि त्या खाचेतून मुलांनी बोट फिरवायचं. कल्पना काही माझी नव्हे. मारिया माँटेसोरीबाईंनी खरखरीत कागदाची अक्षरं करून मुलांना अशीच बोटानं गिरवायला दिली होती. सुताराकडं चौकशी केली. सगळी मुळाक्षरं, वर जोडाक्षरं, आणि तीही एकाहून जास्त मुलांसाठी! त्यानं वेळेचा आणि मजुरीचा हिशेब सांगितला आणि मी गप्प घरी आले.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी बऱ्याचदा किर्लोस्करवाडीहून गाडी पकडून साताऱ्याला जाते. त्या दिवशी स्टेशनावर उभी असताना समोरच्या कारखान्याकडं पाहून वाटलं, ज्यांनी हे उभं केलं ते लक्ष्मणराव किर्लोस्करही आधी मास्तरच की! मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते ड्रॉइंग शिकवायचे. १९१० साली औंधच्या राजांनी दिलेल्या इथल्या माळावर त्यांनी कारखाना काढला आणि लोखंडी नांगर केले. पुढं रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी एके काळी हेच नांगर गावोगाव फिरून विकले होते. मास्तरानं यंत्र करावं आणि नांगर विकणाऱ्यानं शाळा काढाव्यात, अशी आमच्याकडची रीतच आहे म्हणा ना! मग आपण एक छोटं यंत्र का करू नये?

अण्णांना सांगितलं, तर ते चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "म्हणजे तुला सीएनसी पाहिजे. सांगाडा मी करतो. मोटारींचं तुझं तू बघ."

सीएनसी म्हणजे संगणकाच्या हुकमावर चालणारं कापायचं यंत्र. आमचं अगदी घरगुती. एक मोटार कापणाऱ्या पात्याला डावी-उजवीकडं नेते, दुसरी पुढं-मागं, तिसरी वर-खाली. या तिन्ही मोटारी 'स्टेपर' जातीच्या. साध्या पंख्याची मोटार नुसती गरगर फिरते. स्टेपर मात्र पावलं टाकते. एक हुकूम, एक पाऊल. तुमच्या घड्याळात हिचीच धाकटी बहीण असते बरं का! घड्याळातला क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. या आकड्याची १५ वेळा निमपट करा, उरतो बरोबर १. म्हणून दर सेकंदाला एक ठोका मिळतो आणि काटा ६ अंश पुढं सरकतो.

आधी मी काटकसर केली. सांगलीत भंगारवाल्याकडून दोन जुने प्रिंटर आणून उघडले. आत छान स्टेपर मोटारी निघाल्या. पण एका फेऱ्यात त्यांची पावलं फक्त ४८, आणि ताकद कागद ओढण्यापुरती. लाकूड कापायला लागल्याबरोबर त्यांनी मान टाकली. त्या मी फेकल्या नाहीत, वर्गात ठेवल्या आहेत. का, ते पुढं सांगते.

मग पुण्याला बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत गेले. दुकानदारानं विचारलं, "नेमा १७ देऊ का नेमा २३?" मला वाटलं, २३ जास्त ताकदीची असणार. पण हा आकडा ताकदीचा नाहीच! तो मोटारीच्या तोंडाच्या मापाचा आहे. १७ म्हणजे १.७ इंच, सुमारे ४२ मिलिमीटर; २३ म्हणजे २.३ इंच, सुमारे ५७ मिलिमीटर. त्याच मापात लांबुडक्या मोटारी बुटक्यांपेक्षा जास्त जोरकस असतात. ताकद वेगळी लिहिलेली असते. मी घेतलेल्या नेमा १७ मोटारींवर ४ किलो-सेंटिमीटर लिहिलं होतं. म्हणजे दांड्याला १ सेंटिमीटर लांबीचा हात लावून त्याला ४ किलोचं वजन टांगलं, तरी ती धरून ठेवील. यात एक मेख आहे. ही ताकद मोटार उभी असतानाची. धावताना ती किती उरते, हे त्या आकड्यात नसतं. मी तेवढा विचार केला नाही. ४ किलो म्हणजे ४ किलो, असं धरून चालले.

घरी आल्यावर पहिला प्रश्न: प्रत्येक मोटारीला चार वायरी, आत तारांची दोन वेटोळी. कोणत्या दोन वायरी एका वेटोळ्याच्या? इथं एक गंमत करून पाहा. जुन्या प्रिंटरची मोटार मिळाली आणि ती कशालाही जोडलेली नसली, तर दांडा बोटांनी फिरवा. सहज फिरेल. आता कोणत्याही दोन वायरींची उघडी टोकं एकमेकांना लावून फिरवा. दांडा एकदम जड लागला, की समजा जोडी जमली! असं का होतं? फिरवताना मोटार स्वतःच थोडी वीज तयार करते. वायरी जोडल्या की ती वीज वेटोळ्यात फिरू लागते आणि तुमच्या बोटांना विरोध करते. प्रिंटरच्या मोटारी मी वर्गात ठेवल्या त्या यासाठीच. त्यांतल्या काहींना पाच-सहा वायरी असतात, मग जोड्या शोधायला जरा जास्त वेळ लागतो.

मोटार आणि संगणक यांच्या मध्ये एक छोटा चौकोनी तुकडा असतो. त्याला 'ड्रायव्हर' म्हणतात. किती वीज मोटारीत सोडायची हे तो ठरवतो. त्याच्यावरचा इवलासा स्क्रू फिरवून मल्टिमीटरनं व्होल्टेज मोजायचं. माझ्या ड्रायव्हरच्या हिशेबानं ०.८ व्होल्ट म्हणजे १ ॲम्पिअर. पहिल्याच दिवशी माझ्या हातून चूक झाली. वीज चालू असतानाच मोटारीची वायर काढली. फट्! एक ड्रायव्हर गेला. तेव्हापासून वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलंय: 'आधी बटण बंद, मग वायर.' तुम्हीही लिहून ठेवा. आणि यंत्र चालताना डोळ्यांना चष्मा आणि शेजारी मोठं माणूस हवंच.

आता थोडं गणित. माझी मोटार एका फेऱ्यात २०० पावलं टाकते. म्हणजे एक पाऊल १.८ अंशांचं. ड्रायव्हर प्रत्येक पावलाचे १६ बारीक भाग करतो. झाले ३,२०० भाग. एका फेऱ्यात आटे पाडलेला लांब स्क्रू पात्याला ८ मिलिमीटर सरकवतो. मग १ मिलिमीटरला किती भाग? ३,२०० भागिले ८, म्हणजे ४००. हा आकडा यंत्राला सांगितला. १०० मिलिमीटर जा म्हटलं, पट्टी लावली, बरोबर १००! अण्णा म्हणाले, "झकास!" मला तर आभाळ ठेंगणं झालं.

पहिली पाटी लावली. २ मिलिमीटर खोलीची अक्षरं. 'अ' सुंदर उतरला. 'आ' किंचित खोल वाटला. 'इ' आणखी खोल. 'ई' कोरताना तर पातं एका रेघेवरून दुसऱ्या रेघेकडं जाताना नीट वर उचललंच गेलं नाही. मधल्या कोऱ्या जागेवर त्यानं ओरखडा काढला. पाटी फुकट गेली. दुसरी लावली, तेच. तिसरी, तेच. जानेवारी संपत आला होता. पट्टा पडायला फार दिवस नव्हते.

मला वाटलं, जोर कमी पडतोय. वीज वाढवली. १.२ व्होल्ट, म्हणजे १.५ ॲम्पिअर. मोटार हात लावू नये इतकी तापली. ड्रायव्हर तर इतका गरम झाला की स्वतःला वाचवण्यासाठी मधूनमधून काम थांबवू लागला. आता आणखीच पावलं चुकायला लागली! जास्त जोर द्यायला गेले आणि होता तोही गेला.

एक दिवस ते यंत्र मी शाळेत आणून ठेवलं. मधल्या सुट्टीत नुसतंच वर-खाली चालवून बघत होते. मुलं गोळा झाली. ती मुलगीही सगळ्यांच्या मागं उभी होती. एरवी कधी स्वतःहून न बोलणारी. ती हळूच म्हणाली, "बाई, चढाला टॅक्टर दम खातंय तसं वाजायलंय."

"काय म्हणालीस?"

"खाली जाताना नीट जातंय. वर जाताना गचकायलंय. डायवर उसाच्या गाड्या चढाला हळू घेतो. बेगीनं घेतल्या तर टॅक्टर फसतंय."

मी यंत्र पुन्हा चालवलं आणि या वेळी फक्त कान दिला. खाली जाताना सलग सूर. वर येताना मध्येच एक गचका. घर्र... टक्! माझी नजर भिंतीवरच्या घड्याळाकडं गेली. सेकंदकाटा नवापाशी थरथरत होता. तोही खाली जाताना नीट जात होता आणि चढाला अडत होता!

मग व्हर्निअरनं वाया गेलेल्या पाट्या मोजल्या. प्रत्येक अक्षर आधीच्यापेक्षा सुमारे अर्धा मिलिमीटर खोल. का बरं? अशा मोटारीचं पाऊल घसरलं की एक-एक नाही, चारच्या पटीत घसरतं. माझ्या स्क्रूवर एक पूर्ण पाऊल ०.०४ मिलिमीटरचं, चार म्हणजे ०.१६. एका अक्षरात पातं तीनदा उचललं जाई. तीन गुणिले ०.१६, म्हणजे ०.४८. बरोबर अर्धा मिलिमीटर! दर वेळी वर येताना मोटार एकदा घसरत होती. कोरणारं जड यंत्र उचलणं हे तिच्या एकटीच्या वाट्याला आलं होतं. आडव्या दोघींना ते नुसतं सरकवायचं होतं.

आणि सगळ्यात वाईट काय, तर संगणकाला याचा पत्ताच नव्हता! तो हुकूम मोजतो, पावलं नाही. '२,००० भाग वर जा' असं सांगितलं की त्याच्या वहीत '२,००० झाले' अशी नोंद होते. मोटार खरंच गेली का, हे तो विचारत नाही. १९५२ साली अमेरिकेत एम.आय.टी. या संस्थेत अशा जातीचं पहिलं यंत्र लोकांना दाखवलं, तेव्हा त्यात जागा पुन्हा तपासून घेण्याची सोय होती. मोठ्या कारखान्यांतल्या सर्व्हो मोटारी आजही तसंच करतात. घरगुती यंत्रात बहुधा ती सोय नसते. तिथं तपासणारा माणूसच लागतो.

चढाला हळू का घ्यायचं? शाळेच्या नळाखाली बाटली भरायला रांग लावता ना? मागच्यांनी घाई केली की पुढच्याची बाटली अर्धीच भरते. मोटारीच्या वेटोळ्यात वीज भरायलाही असाच थोडा वेळ लागतो. हुकूम फार भराभर आले की वेटोळं अर्धंच भरतं आणि जोर घटतो.

शनिवारी साताऱ्याला गेले. अण्णांनी आधी सगळी वीज बंद करायला लावली. "अगं, आधी हातानं फिरवून बघ!" फिरवलं, तर उभा स्क्रू वरच्या टोकाला जड लागत होता. सांगाडा केसभर तिरका बसला होता. अण्णा ओशाळले. बोल्ट सैल करून, सरळ करून पुन्हा आवळले. मग वीज परत १ ॲम्पिअरवर आणली. उभ्या मोटारीचा वेग मिनिटाला १,५०० मिलिमीटर ठेवला होता, तो ४०० केला. दमादमानं वेग घ्यावा म्हणून सुरुवातीची उसळीही कमी केली. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदल वहीत. आडव्या दोघींचा वेग होता तसाच ठेवला. तिन्ही मोटारी एकाच दुकानातल्या, एकाच मापाच्या. पण उचलायचं ओझं सारखं नाही, मग वेग तरी सारखा कसा असेल?

शेवटी परीक्षा. कागदावर पेन्सिलीनं फुली काढली, टोक तिच्यावर टेकवलं आणि यंत्राला वीस वेळा वर-खाली, इकडं-तिकडं पळवून 'घरी ये' म्हटलं. टोक बरोबर फुलीवर! पुन्हा वीस वेळा. पुन्हा फुलीवर! मग दहा अक्षरांची पाटी कोरली. सगळी अक्षरं २ मिलिमीटर. अण्णांनी काही न बोलता पाटीवरून अंगठा फिरवला.

त्या रात्री झोप लागेना. यंत्र दुरुस्त झालं होतं, पण डोक्यात ती कोरी वही होती. मीसुद्धा त्या संगणकासारखीच नव्हते का? 'धडा सातवा झाला' अशी टाचणवहीत नोंद करत होते. तो तिच्यापर्यंत खरंच पोचला का, हे मी विचारलंच नव्हतं. पहाटे पाणी भरून, आई फडात असताना धाकट्या भावाला सांभाळून येणारी ती पोर. तिचा चढ वेगळा होता. वर्गाचा वेग होता तोच मी तिला लावला, आणि मागं पडली की आवाज वाढवला. जास्त वीज सोडावी तसा!

सोमवारपासून मी दररोज दहा मिनिटं तिच्याजवळ बसू लागले. दोन अक्षरं, फक्त दोन. आधी खाचेतून बोट, मग मातीत, मग वहीत. आणि रोज वही मिटायच्या आधी कालची दोन अक्षरं न बघता. ती आमची फुलीची परीक्षा! कधी कालचं अक्षर चुकायचं. मग पुढं न जाता तिथंच थांबायचो. फेब्रुवारीच्या शेवटी तिनं स्वतःहून एक शब्द लिहिला, 'ट्रॅक्टर'. बोलताना ती 'टॅक्टर'च म्हणायची. पण वहीत 'ट्र' आणि 'क्ट', दोन्ही जोडाक्षरं बरोबर! मी फळ्यावर चढवला आणि सगळ्या वर्गानं टाळ्या वाजवल्या.

मार्चमध्ये पट्टा पडला. ती जायच्या आदल्या दिवशी मी तिला चार पाट्या दिल्या. गोणपाटात गुंडाळून तिनं त्या डोक्यावर घेतल्या. "धाकट्याला बी शिकवते," एवढंच म्हणाली. ट्रॅक्टर निघाला. गावाबाहेरच्या चढाला चालवणाऱ्यानं तो खरंच हळू घेतला.

वर्गात परत आल्यावर आधी घड्याळाला नवा सेल घातला. मुलांनी आठवण करून करून कंटाळा केला होता. काटा सहाच्या पुढचा चढ सरसर चढून गेला.

यंत्र आता शाळेतच आहे. उभ्या बाजूला बारीक आट्यांचा स्क्रू बसवायचा, म्हणजे जोर आणखी मिळेल, असं अण्णांचं म्हणणं आहे. ते काम चालू आहे. दिवाळीनंतर फड पुन्हा सुरू होतील, कोप्या पडतील. ती येईल की दुसरी कुणी येईल, कोण जाणे! पण या वेळी पहिल्याच दिवशी मी आधी विचारणार आहे, "कुठपर्यंत आलीयस, बाळ?" आणि मगच पुढचं पाऊल.